पर्यवेक्षकाची मान खाली का?

गेल्या महिन्यात ठाण्यात प्राध्यापकांच्या एका बैठकीला गेले होते. विषय होता पदवी परीक्षांमधली कॉपी. दोन तास चर्चा झाली आणि दोन तास दोनच बाजू बोलत राहिल्या. एक बाजू म्हणत होती, प्रत्येक ब्लॉकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या वर्गात, कॅमेरा बसवा, भरारी पथकं वाढवा, पकडला की थेट पोलिसात द्या. दोन-चार जणांना अद्दल घडली की बाकीचे सुतासारखे सरळ येतील. दुसरी बाजू म्हणत होती, घोकंपट्टीची परीक्षा घेता आणि वर पहारा बसवता, मग मुलं कॉपी करणार नाहीत तर काय करणार? परीक्षाच बदला, म्हणजे पर्यवेक्षक नावाचा हवालदार लागणारच नाही. टाळ्या दोघांनाही पडल्या. मी २२ वर्षं ठाण्यात आणि नवी मुंबईत वाणिज्य शाखेला शिकवते, आणि तितकीच वर्षं परीक्षेच्या ब्लॉकमध्ये उभी राहते. त्या दोन तासांत कोणीही विचारलं नाही की ब्लॉकमध्ये उभ्या असलेल्या माणसाने कॉपी पकडली तर पुढे त्याचं काय होतं.

माझं म्हणणं असं आहे. शिक्षा किती मोठी यावर कॉपी थांबत नाही. पकडले जाऊ याची खात्री असेल तर थांबते. ती खात्री ब्लॉकमधला जागा माणूसच देऊ शकतो. आपण मात्र नियम आणि कामाची पद्धत अशी करून ठेवली आहे की त्या माणसाने पाहून न पाहिल्यासारखं करणं हेच त्याला सगळ्यात सोयीचं पडतं.

ब्लॉकमधलं काम कसं चालतं ते आधी सांगते. पेपर साडेदहाचा असेल तर दहाच्या आत परीक्षा विभागात हजर व्हायचं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, बारकोडची स्टिकरं, हजेरीपत्रक, पुरवण्या, दोरे मोजून घ्यायचे, सही करायची, ब्लॉक गाठायचा. समोर ३० मुलं. प्रत्येकाचं हॉल तिकीट बघायचं, त्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहायचा, आसन क्रमांक नीट लिहिलाय ना ते बघायचं, स्टिकर योग्य जागी लावून घ्यायचं, उत्तरपत्रिकेवर आपली सही करायची, हजेरीवर त्याची घ्यायची. एका मुलामागे एक मिनिट धरलं तरी अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात पर्यवेक्षकाची मान खाली असते, आणि चिठ्ठी नेमकी तेव्हाच बाहेर येते. शेवटच्या बाकावरच्या मुलाला हे पाठ असतं. कागद सगळे बिनचूक भरले जातात, आणि ज्या कामासाठी आपल्याला तिथे उभं केलंय तेवढंच राहून जातं.

चिठ्ठी म्हणजे काय, हेही बैठकीतल्या पुष्कळांनी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नसावं. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत परीक्षेच्या दिवसांत नुसतं 'मायक्रो' म्हटलं की काम होतं. नोट्सचं अख्खं पान बोटाच्या पेराएवढं होऊन येतं. मुलं त्याच्या पट्ट्या कापतात, पंख्यासारख्या घड्या घालतात, आणि ती पट्टी घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा कॅल्क्युलेटरच्या कव्हरात बसते. ती नुसत्या नजरेला दिसत नाही. दिसतात ते डोळे. आठवणारं मूल पंख्याकडे बघतं, खिडकीबाहेर बघतं, पेनाचं टोपण चावतं. चिठ्ठी असलेलं मूल पर्यवेक्षकाकडे बघतं. इतक्या वर्षांत ही खूण मला क्वचितच चुकलेली आठवते.

काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका कॉलेजात कॉस्ट अकाउंटिंगच्या पेपरला असाच एक मुलगा माझ्याकडे तीनदा बघताना दिसला. जवळ गेले, कॅल्क्युलेटर मागितला. कव्हरात पट्टी होती, घडी न मोडलेली. तो इतकंच म्हणाला, "मॅडम, अजून उघडली नाहीये." ते खरं होतं. पण नियम नियम असतो. उत्तरपत्रिका ताब्यात घेतली, त्याला नवीन दिली, लेखी जबाब घेतला, अहवाल भरला, चीफ कंडक्टरकडे, म्हणजे केंद्रावरच्या परीक्षाप्रमुखाकडे, सोपवला. पुढे चौकशी समितीपुढे मला दोनदा बोलावलं. निकाल लागला तेव्हा त्याचे त्या सत्राचे सगळे पेपर रद्द झाले होते. नंतर कळलं, तो ऐरोलीत रात्रपाळी करून सकाळी परीक्षेला यायचा. त्याने चूक केली होती आणि मी पकडलं ते योग्यच होतं, आजही मला तसंच वाटतं. पण त्या न उघडलेल्या पट्टीच्या बदल्यात सगळं सत्र घालवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मॅडम, चिठ्ठी फाडायची, दोन शब्द सुनवायचे आणि विषय संपवायचा. पोराचं वर्ष कशाला घालवलंत?"

ते सर काही कामचुकार नव्हते. नियमाची शिक्षा त्यांना इतकी जड वाटत होती की त्यांनी मनातल्या मनात स्वतःची हलकी शिक्षा ठरवून टाकली होती. मुंबई विद्यापीठाचा शिक्षातक्ता पाहिला तर त्यांचं म्हणणं समजतं. कॉपीचं साहित्य नुसतं जवळ सापडलं तरी त्या परीक्षेतली पूर्ण कामगिरी रद्द होते, एकट्या त्या पेपराची नाही. प्रत्यक्ष कॉपी केली असेल तर त्यापुढच्या आणखी एका परीक्षेलाही बसता येत नाही. तळाची पायरीच इतकी उंच असेल, तर साधा, कनवाळू शिक्षक त्या जिन्यावर पाय ठेवेलच कशाला? तो चिठ्ठी फाडतो. आणि ही खासगी दया कोणाच्या वाट्याला येते? ज्याचा चेहरा आपल्याला माहीत आहे त्याच्या. जो पहिल्या बाकावर बसून 'गुड मॉर्निंग' म्हणतो त्याच्या. ज्याचे वडील संस्थेत कोणाला तरी ओळखतात त्याच्या. अनोळखी, बुजरा, दुसऱ्या कॉलेजातून एटीकेटीचा, म्हणजे मागे राहिलेल्या विषयाचा, पेपर द्यायला आलेला मुलगा मात्र रीतसर अहवालात जातो. या दयेची कुठे नोंद नाही, तिला कोणी जाब विचारत नाही, आणि दर परीक्षेत ती अशीच असमान वाटली जाते.

मोठ्या शिक्षेने खात्री मरते, हा अनुभव काही आपल्याकडचाच नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात १८४२ पासून 'ऑनर' व्यवस्था आहे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रामाणिकपणाच्या शब्दावर चालणारी. तिच्यात दीर्घकाळ एकच शिक्षा होती, कायमची हकालपट्टी. ऐकायला केवढी कडक! पण एवढ्या मोठ्या शिक्षेमुळे तक्रार करायलाच लोक कचरतात, हा तिच्यावरचा जुना आक्षेप होता. शेवटी २०२२ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनीच मतदान करून ती शिक्षा दोन सत्रांच्या सक्तीच्या रजेवर आणली आणि पुढच्या वर्षी दोषानुसार वेगवेगळ्या शिक्षांची सोय केली. गुन्हा आणि शिक्षा यांवर लिहिणारा इटलीचा विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्येच मांडलं होतं की शिक्षा किती क्रूर आहे यापेक्षा ती किती अटळ आहे, यावर गुन्हा थांबणं अवलंबून असतं. परीक्षेच्या हॉलमध्ये हे तंतोतंत लागू पडतं, कारण तिथला गुन्हेगार १९ वर्षांचा असतो आणि त्याला पकडणारा त्याचा शिक्षक असतो.

पोलिसांची मागणी करणाऱ्यांनी उत्तर प्रदेश आठवावा. १९९२ मध्ये तिथे कल्याणसिंह सरकारने कॉपीविरोधी कायदा आणला. कॉपी हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला, शाळकरी मुलं तुरुंगात गेली. त्या वर्षी दहावीचा निकाल १४.७ टक्क्यांवर आला. कॉपी थांबवता येते हे त्याने सिद्ध केलं, आणि आधीचे निकाल किती पोकळ होते हेही दाखवलं. एवढं श्रेय त्या कायद्याला द्यायलाच हवं. पण पुढे काय झालं? मुलांच्या हातातल्या बेड्यांचा निवडणुकीत मुद्दा झाला, सरकार बदललं आणि मुलायमसिंह यादवांनी कायदा मागे घेतला. समाज जी शिक्षा आपल्या पोराला झालेली सोसू शकत नाही, ती फार काळ टिकत नाही. केंद्राच्या २०२४ च्या कायद्याने हे ओळखलेलं दिसतं. पेपर फोडणाऱ्या संघटित टोळीला त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि किमान १ कोटी रुपये दंड आहे, पण परीक्षार्थी हे त्याचं लक्ष्य नाही, आणि तो आहे भरती आणि प्रवेश परीक्षांसाठी. पेपर विकणारी टोळी आणि घड्याळाखाली पट्टी लपवणारं पोर यांच्यात कायदा करणाऱ्यांनी फरक केला. आमच्या बैठकीत तो कोणी करत नव्हतं. महाराष्ट्रात तर १९८२ पासून परीक्षांतल्या गैरप्रकारांवर स्वतंत्र कायदा आहे. कायद्यावाचून आपलं काही अडलेलं नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे येते. तिचं म्हणणं मला जास्त अस्वस्थ करतं, कारण त्यात खरं जास्त आहे. आमच्या प्रश्नपत्रिका खरोखरच पाठांतर तपासतात. मागच्या पाच वर्षांचे पेपर समोर ठेवले की पुढचा पेपर अर्धा सांगता येतो. परीक्षेच्या आठवडाभर आधी 'आयएमपी', म्हणजे हमखास येणारे महत्त्वाचे प्रश्न, मागणारी मुलं आणि ती देणारे शिक्षक, दोघेही आमच्यातलेच. असे प्रश्न मीही काढले आहेत, असे 'आयएमपी' मीही दिले आहेत. ज्या उत्तराला स्मरणशक्तीपलीकडे काही लागत नाही ते चिठ्ठीवर मावतं, म्हणून ते चिठ्ठीवर येतं. हा दोष विद्यार्थ्याचा नाही, हे मला मान्य आहे.

पण यावरून पर्यवेक्षक नको, हे कसं सिद्ध होतं? पुस्तक उघडं ठेवून परीक्षा घ्या, असं सुचवलं जातं. मी वर्गात घेऊन पाहिली आहे. प्रश्न चांगला असेल तर पुस्तकाचा फारसा उपयोग होत नाही, हे खरं. मग पोरं काय करतात? ज्याला येतं त्याच्या वहीत डोकावतात. चिठ्ठीची जागा शेजारी घेतो. पुस्तक चालेल पण शेजारी चालणार नाही, असा नियम पाळून घ्यायला उलट जास्त सावध माणूस लागतो. कोविडच्या काळात आपण घरून बहुपर्यायी परीक्षा घेतल्या, तेव्हा पर्यवेक्षक गेला आणि त्याच्याबरोबर निकालाचा अर्थही गेला. चार मित्र एका खोलीत बसून पेपर सोडवत होते हे पालकांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांनाही माहीत होतं. त्या दोन वर्षांत ज्यांनी खरोखर अभ्यास केला त्यांच्या गुणपत्रिकेकडे अजूनही लोक जरा हसून बघतात. त्या मुलांचं काय चुकलं होतं?

२०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. त्यानंतर घरून लिहून आणायच्या असाइनमेंटचं काय झालं, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. नव्या शैक्षणिक धोरणात अंतर्गत मूल्यमापनाला मोठा वाटा आहे, आणि त्यामागची कल्पना चांगली आहे: मुलाला एका दिवसाच्या पेपरावर तोलू नका. पण माझ्याकडे ६० असाइनमेंट येतात तेव्हा त्यातल्या निम्म्यांचा परिच्छेद सारखाच सुरू होतो, सारख्याच तीन मुद्द्यांवर संपतो, आणि त्यात एकही शुद्धलेखनाची चूक नसते. त्याच मुलाने वर्गात माझ्यासमोर लिहिलेल्या चार ओळी मी पाहिलेल्या असतात. ही वाक्यं कोणाच्या डोक्यातून आली आहेत याची आज मला जिथे खात्री देता येते अशी एकच जागा उरली आहे, ती म्हणजे तो पंख्याखालचा ब्लॉक. बाकीचे सगळे दरवाजे उघडे पडले असताना त्या एका जागेवरचा राखणदार काढून घ्यायची भाषा करायची?

मुंबई विद्यापीठाच्या संदर्भात या जागेचं महत्त्व आणखी वेगळं आहे. १८५७ मध्ये हे विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेऊन पदवी देणारी संस्था म्हणून. शिकवायचं काम कॉलेजांचं. कित्येक दशकं विद्यापीठ स्वतः शिकवतच नव्हतं. जगाला ते एकच गोष्ट देत होतं, ती म्हणजे ग्वाही. १८६२ मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांच्या नावापुढच्या 'बी.ए.' या दोन अक्षरांना मान मिळाला, कारण ती अक्षरं देणाऱ्या परीक्षेवर लोकांचा विश्वास होता. आज ठाणे, पालघर, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत शेकडो कॉलेजं त्याच एका नावाने पदव्या देतात. खारेगावच्या पोराची आणि चर्चगेटच्या पोराची गुणपत्रिका सारखीच, असं आपण म्हणतो ते कशाच्या भरवशावर? दोन्ही ब्लॉकमध्ये कोणीतरी जागं होतं, या भरवशावर.

विद्यार्थ्यांवर विश्वास ठेवा, असंही बैठकीत कोणीतरी म्हणालं. हा विचार उदात्त आहे आणि तो करून पाहिलेला आहे. स्टॅनफर्डमध्ये १९२१ पासून विद्यार्थ्यांनीच तयार केलेली आचारसंहिता होती आणि तिच्यानुसार परीक्षेच्या खोलीत शिक्षकाने पहारा द्यायला मनाई होती. शंभर वर्षं हे चाललं. २०२३ मध्ये तिथल्या प्राध्यापकांनी पर्यवेक्षण पुन्हा प्रयोगादाखल सुरू करायला संमती दिली. मर्यादित संख्या, निवासी जीवन, एकमेकांना ओळखणारी मुलं, एवढी अनुकूलता असताना तिथे ही वेळ आली. आमच्याकडे तर परीक्षा केंद्रावर बसणाऱ्या मुलांनी एकमेकांचं तोंड त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलेलं असतं.

कनवाळूपणाचा मुद्दा सगळ्यात अवघड, त्याला मला वेळ द्यायचा आहे. आमची मुलं बदलापूर, टिटवाळा, दिव्याहून येतात. दिव्याला सकाळच्या गर्दीत गाडीत शिरता येणं हीच एक परीक्षा असते. कोणी सकाळी घरोघरी वर्तमानपत्रं टाकतं, कोणी संध्याकाळी मॉलमध्ये उभं राहतं. अशा मुलाने थकून एखादी पट्टी आणली तर त्याला चोर म्हणायचं का, हा प्रश्न मलाही पडतो. ऐरोलीच्या त्या मुलानंतर तर मी पुढच्या दोन परीक्षा ब्लॉकमध्ये उभी होते, पण बघत नव्हते. फळ्यापाशी उभी राहायचे, मागे जायचे नाही. त्यातल्याच एका पेपरनंतर गठ्ठा बांधत असताना एक मुलगी थांबली. तीही दिव्याचीच. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, शेवटच्या बाकावर मोबाइल बघून लिहीत होते. तुम्ही बघितलं ना?" मी बघितलं होतं. "बघते," म्हणाले. तिने पुढे काही विचारलं नाही. पुरवणीचा दोरा बांधून तिची बोटं शाईने आणि घामाने काळी झाली होती. ती तिने ओढणीला पुसली आणि ती गेली. मी ज्यांच्यावर दया केली असं मला वाटत होतं, ती दया मी तिच्या खिशातून केली होती. तीही त्याच गाडीने आली होती, तिलाही घरी जागा नव्हती. गरिबीचा दाखला देऊन कॉपीकडे कानाडोळा करणाऱ्याने सांगावं, कॉपी न करणाऱ्या गरीब मुलीचा कैवार मग कोण घेणार?

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात. त्याचा एक फायदा मी मान्य करते: पर्यवेक्षकावर खोटा आरोप झाला तर चित्रण कामाला येतं. पुरुष सहकाऱ्याला मुलीच्या बाबतीत संशय आला तरी तो पुढे व्हायला घाबरतो, त्यालाही आधार होतो. पण कॅमेरा घड्याळाखालची पट्टी बघत नाही, आणि ३० ब्लॉकचं तीन आठवड्यांचं चित्रण बसून कोण बघणार? ज्या वर्गात कॅमेरा आहे तिथे पर्यवेक्षक खुर्चीत बसून राहतो हे मी पाहिलं आहे, कारण त्याला वाटतं, बघायचं काम आता भिंतीवरच्या डोळ्याचं. शिवाय पर्यवेक्षकाचं निम्मं काम कॉपीशी संबंधित नसतंच. चुकीच्या अभ्यासक्रमाची प्रश्नपत्रिका हातात पडलेली मुलगी रडकुंडीला येऊन बसते, कोणाला घेरी येते, कोणाचा पेन फुटतो. तिथे माणूसच लागतो.

आणि आता ज्याबद्दल त्या बैठकीत अवाक्षर निघालं नाही, ते. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने कॉलेजंच घेतात. पेपर कॉलेजचा, केंद्र कॉलेजचं, पर्यवेक्षक कॉलेजचा, तपासणारा कॉलेजचा. निकालाची टक्केवारी माहितीपुस्तिकेत छापायची तीही कॉलेजने, आणि पुढच्या वर्षीचे प्रवेश अवलंबून त्या टक्केवारीवर. त्यात पर्यवेक्षकांपैकी कितीतरी जण तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे मिळणारे, कायम नसलेले. पुढच्या जूनमध्ये आपल्याला पुन्हा बोलावतील की नाही हे ज्याला माहीत नाही, त्या तरुण शिक्षकाने संस्थाचालकाच्या पुतण्याच्या खिशातला मोबाइल काढायचा? त्याच्याकडून ती अपेक्षा करणं हाच अन्याय आहे. इथे कुंपणाला शेत खायचा मोह पडावा अशी सोय आपणच करून ठेवली आहे.

२०२५ च्या दहावी-बारावीच्या परीक्षांआधी राज्य मंडळाने केंद्रांवर बाहेरच्या शाळांचे पर्यवेक्षक नेमायचं ठरवलं तेव्हा शिक्षकांतून विरोध झाला. आमच्यावर अविश्वास दाखवता का, असा सूर होता, आणि तो निर्णय पुढे सौम्य झाला. या सुरात मला आपलाच तोटा दिसतो. नात्यातल्या माणसाचा खटला समोर आला तर न्यायाधीश बाजूला होतो, त्यात त्याचा अपमान होत नाही. उलट उद्या कोणी बोट दाखवलं तर तो ताठ मानेने उभा राहू शकतो. अनोळखी कॉलेजात पर्यवेक्षण करताना मला जेवढं मोकळं वाटतं तेवढं स्वतःच्या कॉलेजात कधी वाटलेलं नाही.

चीनमध्ये राजसेवेच्या परीक्षा १३०० वर्षं चालल्या आणि १९०५ मध्ये बंद झाल्या. तिथे उमेदवारांना एकेका कोठडीत बसवत, अंगझडती घेत, तरी अस्तरावर बारीक अक्षरांत ग्रंथ लिहिलेले कपडे घालून लोक येत. मायक्रो झेरॉक्सचे पूर्वजच ते. पण तिथल्या व्यवस्थेने उमेदवाराइतकाच संशय परीक्षकावरही ठेवला. सोंग नावाच्या घराण्याच्या राजवटीत उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकत, आणि अक्षर ओळखून कोणी गुण देऊ नयेत म्हणून ती कारकुनाकडून पुन्हा लिहून घेत. आपला बारकोड हीच कल्पना. १८५८ च्या परीक्षेत गैरव्यवहार उघडकीला आला तेव्हा मुख्य परीक्षक, साम्राज्यातला एक सर्वोच्च अधिकारी बाइ जुन, याला पुढच्या वर्षी मृत्युदंड झाला. ती शिक्षा भयंकरच. पण दोष शोधायची सुरुवात वरून करायची असते, हे त्या व्यवस्थेला कळत होतं. आपल्याकडे २०१० च्या सुमारास नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम चालवली तेव्हाही जोर केंद्रांवर होता, मुलांवर नव्हे. निकाल कोसळले, आणि मग कुठे शिकवण्याकडे लक्ष गेलं. मात्र असं काम एका अधिकाऱ्याच्या जिद्दीवर सोडलं की त्याच्या बदलीबरोबर तेही जातं.

मग मला काय हवंय? शिक्षातक्त्याची तळाची पायरी खाली आणा. न वापरलेली चिठ्ठी सापडली तर तेवढाच पेपर रद्द करा, निर्णय आठ दिवसांत द्या, चौकशीत बाहेरच्या कॉलेजचा एक शिक्षक ठेवा, आणि नोंद विद्यापीठाकडे राहू द्या, म्हणजे तोच मुलगा दुसऱ्यांदा सापडला तर मोठी शिक्षा देता येईल. फाडलेली चिठ्ठी कुणाच्याच दप्तरी राहत नाही, हलकी शिक्षा राहते. मोबाइलवरून बाहेरून उत्तरं मागवणं, दुसऱ्याच्या नावावर पेपर देणं, यांवरची कडक शिक्षा आहे तशीच राहू द्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या परीक्षांनाही पर्यवेक्षकांची अदलाबदल करा. ठाण्याहून ऐरोली ट्रान्सहार्बर लोकलच्या मार्गावर दुसरं स्टेशन आहे. इथले शिक्षक तिथे आणि तिथले इथे, यात अशक्य काय आहे? खर्च वाढेल, हे खरं. परीक्षेचं शुल्क मुलं भरतात ते कशासाठी, हे त्या वेळी विचारावं. चौकशीला बोलावलेल्या शिक्षकाचा तो दिवस कामाचा धरा. आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला एकट्याने ब्लॉक देऊ नका.

यातलं पुष्कळसं विद्यापीठाच्या हातात आहे आणि त्याला वेळ लागेल, हे मी समजू शकते. पण पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक ब्लॉकमध्ये दोन माणसं देणं कोणत्याही प्राचार्यांना उद्यापासून जमेल. एकाने स्टिकरं आणि सह्या बघायच्या, दुसऱ्याने फक्त मुलांकडे बघायचं. बैठक संपताना मी एवढंच मांडलं. अध्यक्ष म्हणाले, मनुष्यबळ नाही. जिना उतरताना माझ्या डोक्यात एकच हिशोब होता: आमच्या कॉलेजात परीक्षेच्या सकाळी कार्यालयात, ग्रंथालयात आणि स्टाफरूममध्ये साडेदहा ते अकरा या वेळात किती जण बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी मोजले. एकोणीस होते. आमचे ब्लॉक बारा आहेत.